टिपणीस बाईंची चामखीळ

डॉ. कुमुदिनी टिपणीस यांची आणि माझी ओळख झाली त्या दिवशी मी त्यांना सुई टोचली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. संपादकांनीही 'प्रथम परिचय जरा भारदस्त असावा' असे सुचवले होते. पण घडले ते असे, आणि घडले तेवढेच लिहावे ही शिस्त मला बाईंनीच लावली आहे.

त्वचारोगाची पदवी घेऊन मी नुकताच मुंबईहून गावी परतलो होतो. रेवसच्या रस्त्याला बाईंचा दवाखाना होता आणि त्यांना मदतनीस डॉक्टर हवा होता. मी प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल पुढे केली. बाईंनी ती उघडली नाही. त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनीच्या मुळाशी तुरीच्या डाळीएवढी खरखरीत चामखीळ होती.

"म्हात्रे, हिच्यात ड जीवनसत्त्व भरायचंय. डाव्या हातानं मला जमत नाही."

मी भुलीचे औषध शोधू लागलो, तर म्हणाल्या, "भूल रोग्यांना द्यायची. मला नको. भुलीनं किती कमी दुखतं हे सांगायचं, तर मुळात किती दुखतं हे माहीत हवं."

मी तशीच सुई टोचली. त्यांनी हात हलवला नाही. सुई काढल्यावर त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत वहीत लिहिले: 'दुखते. विंचवाइतके नाही. मुंगीइतके म्हणणेही खोटे.' संध्याकाळी त्याखाली आणखी एक ओळ आली: 'ठणका पाचपर्यंत.' मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या." माझी नोकरीची मुलाखत ती एवढीच.

बाई येत्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कार्याचा सर्वांगीण आढावा इतर मान्यवर घेतीलच. मी फक्त चामखिळींबद्दल लिहिणार आहे. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल, त्यांनी कोळीवाड्यातल्या किंवा मिठागरावरच्या माणसाचे हात एकदा नीट पाहावेत. चामखिळीने जीव जात नाही, पण हातावर पोट असलेल्या माणसाचे काम जाऊ शकते. ते कसे, हे पुढे येईलच.

सुरुवातीची अनेक वर्षे बाई चामखिळी जाळून काढत असत. तेव्हा सगळेच तसे करत. एकदा जाळी विणणारे एक वृद्ध गृहस्थ परत आले. त्यांच्या अंगठ्यावरची चामखीळ बाईंनीच जाळली होती. त्यांनी तक्रार केली नाही. पिशवीतून जाळे विणायची सुई काढली, अंगठ्याच्या कोवळ्या व्रणावर टेकवली आणि ती कशी निसटते ते दोनदा करून दाखवले. मग नमस्कार करून गेले. बाई सांगतात, आयुष्यात इतक्या सभ्यपणे त्यांना कुणी झापले नव्हते. साठी उलटलेल्या बाईंनी त्यानंतर नवे काही शिकता येते का ते शोधायला घेतले. ज्या वयात माणसे दवाखान्याची पाटी उतरवतात, त्या वयात त्या रोज दुपारी चष्मा लावून विद्यार्थ्यासारख्या वाचत बसत.

त्यातून हा उपचार आला. ड जीवनसत्त्वाचे औषध चामखिळीच्या मुळाशी टोचायचे, काही आठवड्यांच्या अंतराने, तीन-चार वेळा. यातली नवलाची गोष्ट अशी, की दहा ठिकाणी चामखिळी असल्या तरी सुई एका, सर्वांत मोठ्या चामखिळीतच द्यायची. लागू पडले तर बाकीच्याही हळूहळू गळतात. हे कशामुळे होते, ते अजून पुरते उलगडलेले नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था चामखिळीच्या विषाणूकडे काणाडोळा करत असते, ती सुईमुळे जागी होते, असा अंदाज आहे. बाई रोग्यांना सांगत, "एका घरात चोर सापडला की सगळी आळी जागी होते की नाही? तसं." आणि लगेच पुढे म्हणत, "कधी कधी आळी झोपलेलीच राहते, हेही सांगून ठेवते."

बाईंची आळी झोपलेलीच राहिली. मी त्यांना एकूण चार वेळा सुई टोचली. चामखीळ जागची हलली नाही. आणि बाईंनी काय करावे? प्रत्येक नव्या रोग्याला सुई देण्याआधी त्या स्वतःचे बोट दाखवू लागल्या. "हे औषध पुष्कळांना लागू पडतं. मला पडलं नाही. बघा, घ्यायचं तर घ्या." याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असे मी त्यांना एकदा ऐकवले. कुठला दुकानदार स्वतःच्या मालाची अशी जाहिरात करतो, असेही विचारले.

"मी दुकानदार नाही," त्या म्हणाल्या, "आणि बोट माझं आहे."

बाई वागायला सोप्या आहेत असा कुणाचा समज असेल, तर तो मी दूर करतो. त्या कौतुक करत नाहीत. आजतागायत त्यांनी मला 'छान' म्हटल्याचे स्मरत नाही. 'चालेल' दोनदा म्हटले आहे. हातांचे फोटो कुणी मोबाइलवर पाठवले तर त्या पाहत नाहीत, कारण 'फोटोतला हात दाबून बघता येत नाही'. रोग्याच्या कार्डावर 'बरा' हा शब्द लिहिण्याचा अधिकार दवाखान्यात कुणालाच नव्हता. माणूस सहा महिन्यांनी परत यायचा, खिडकीच्या उजेडात हात धरायचा, आणि मगच तो शब्द पडायचा. पुष्कळ जण बरे झाल्यावर फिरकत नसत. त्यांची कार्डे 'माहीत नाही' या खणात पडून राहत. तो खण आमच्याकडे सर्वांत मोठा होता आणि मला त्याचा मनस्वी राग येई. एका जूनमध्ये आलेल्या चक्रीवादळात दवाखान्याचे पत्रे उडाले आणि सगळी कार्डे भिजली, तेव्हा बाईंनी दोऱ्या बांधून ती बोंबलांसारखी वाळत घातली. 'माहीत नाही'ची आधी. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, "त्यांचं अजून काम बाकी आहे."

मात्र एक गोष्ट मी त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात उचलली. हे औषध तेलकट असते, थंड असले की सुईतून नीट उतरत नाही. म्हणून बाई बाटली मुठीत धरून बसत आणि ती कोमट होईपर्यंत रोग्याशी बोलत. बोलत म्हणजे ऐकत. मूठ उघडेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, असा त्यांचा नियम होता. औषधाला ऊब यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस कामाचे बहुतेक सगळे सांगून टाकतो.

हिराबाईंची सगळी हकीकत आम्हाला अशीच कळली.

हिराबाई जवळच्याच एका कोळीवाड्यातल्या. ज्येष्ठात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्या की हातांना सवड मिळते, तेव्हा त्या प्रथम आल्या. त्या कोळंबी सोलण्याच्या शेडवर काम करत. टेबलाशी डावीकडून तिसरी जागा त्यांची, सासूच्या वेळेपासून चालत आलेली. कोळंबीचे काटे बोटांना टोचत असतात आणि हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात असतात. चामखिळींना असे हात फार मानवतात. हिराबाईंच्या दोन्ही हातांवर त्या फुटल्या होत्या. मागल्या हंगामात माल घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने ते पाहिले. शेडमालक काशिनाथशेठ यांनी त्यांना सांगून टाकले, की नारळी पौर्णिमेनंतर शेड उघडेल तेव्हा हात साफ हवेत, नाहीतर तिसऱ्या जागेवर दुसरी बाई बसेल. नवऱ्याची कंबर होडीवरून पडून गेलेली. घर त्या जागेवर चालत होते.

बाईंनी मूठ उघडली.

"कसला इंजेक्शन हाय?" हिराबाईंनी विचारले.

"ड जीवनसत्त्वाचं."

"म्हंजे ताकदीचा?"

"एरवी ताकदीसाठीच देतात."

"मंग चामखिलीला ताकद देताव तुमी? ती जाईल का आनखी माजंल?" आणि मग, आम्हाला काही कळत नाही अशी खात्री पटल्यासारख्या, "आनि डी इटामिन उन्हात फुकट मिलतं, मोबाइलवर सांगतान. ऊन काय कमी हाय आमच्याकडं?"

मला हसू आले. बाईंना आले नाही. "प्रश्न बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उन्हातलं सगळ्या अंगाला मिळतं. हे थेट तिच्या मुळाशी जातं. तिला ताकद द्यायला नाही, तिची चहाडी करायला. ती लपून बसलीय, शरीराला तिचा पत्ता कळवायचा." आणि नेहमीप्रमाणे बोट पुढे केले. "माझी मात्र गेली नाही."

हिराबाईंनी ते बोट धरून उलटसुलट पाहिले. "ह्या तुमी सांगलाव, म्हंजे बाकीचा खरा असंल," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. माझ्या फाइलमधल्या एकाही कागदाने आजवर असे काम केलेले नाही.

पहिल्या खेपेला बाईंनी स्वतः हात तपासले आणि सुई दिली. तीन आठवड्यांनी हिराबाई आल्या, तेव्हा बाई आतल्या खोलीत होत्या. मी हिराबाईंना खिडकीशी नेले, पेनाच्या टोकाने एकेक चामखीळ दाखवत मोठ्याने मोजू लागलो आणि आमच्या सिस्टर लिहू लागल्या. बाकावर चार बायका बसल्या होत्या. एक, दोन, तीन, चार... हिराबाईंनी हात मागे ओढला. सुईची भीती, असे मला वाटले. मी मनगट धरून ठेवले आणि मोजणी पूर्ण केली. काही चामखिळी आधीच सुकायला लागल्या होत्या, म्हणून माझा आवाज जरा चढलाही असेल. हिराबाईंनी सुई घेतली, पदराखाली हात घेतले आणि निघून गेल्या.

तिसऱ्या खेपेला त्या आल्या नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. मी कार्डावर लिहिले, 'औषध अर्धवट सोडले.'

बाईंनी ते वाचले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आल्या नाहीत ना."

"मग 'आल्या नाहीत' एवढंच लिहा. त्यांनी सोडलं का त्यांच्याकडून सुटलं, हे अजून कळायचंय." आणि रविवारी रिक्षा बोलावून त्या मला घेऊन कोळीवाड्यात गेल्या.

हिराबाई पडवीत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी हात पदराखाली घेतले. बाई खाली जमिनीवर बसल्या. का आला नाहीत, हे त्यांनी विचारले नाही. नवऱ्याच्या कंबरेची चौकशी झाली, होडीची झाली, यंदा सुकट किती उरली तीही झाली. औषधाची बाटली हातात नसली तरी बाईंची मूठ मिटलेलीच होती. माझी चुळबुळ सुरू झाली. अखेर हिराबाई बोलल्या, माझ्याकडे न पाहता.

"तुमचे डाक्टरनी मोजल्या. मोठ्यानी. चार बायांसमोर." मग, "मोजल्या का वाढतान."

पुढचे हळूहळू आले. खाडीच्या बांधावर खारजाई म्हणून शेंदूर लावलेला दगड आहे. चामखिळी झाल्या की तिला मूठभर जाडे मीठ वाहतात. मीठ विरघळेल तशा चामखिळी विरघळतात. दोन पथ्ये असतात: मीठ वाहिल्याचे कुणाला सांगायचे नाही, आणि चामखिळी कुणी मोजायच्या नाहीत, मोजल्या की त्या वाढतात. हिराबाईंनी पहिल्या सुईच्या आदल्या दिवशीच मीठ वाहिले होते. "आता सांगाया हरकत न्हाय," त्या म्हणाल्या, "ता फुकटच गेला. परत तुमच्याकडं आले तं परत मोजाल. मना ती जागा पायजे, डाक्टरीनबाई. हात आनखी भरले तं मी काय करू?"

विषाणू म्हणजे काय यावर माझ्याकडे पाच मिनिटांचे तयार भाषण होते. मी तोंड उघडले आणि बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले, आणि मला आमचे खळे आठवले.

आम्ही भातशेतीवाले. माझे वडील खळ्यावर भात मापायला बसले की पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मापताना कुणी मध्ये बोललेले त्यांना चालत नाही, परक्याची नजर चालत नाही. हे पाहत मी लहानाचा मोठा झालो. मोजणे ही नुसती आकड्यांची गोष्ट नसते, हे मला मुंबईच्या कुठल्याही प्राध्यापकाआधी ठाऊक होते. आणि मी एका बाईचे मनगट धरून, चारचौघींत, तिच्या अंगावरची अडचण मोठ्याने मोजली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला लाज वाटली. आजही ते लिहिताना वाटते.

"चूक आमच्याकडून झाली," बाई म्हणाल्या. 'ह्यांच्याकडून' म्हणाल्या नाहीत. "मीठ पुन्हा वाहता येतं का?"

"येतं. पन मंग मोजाचा न्हाय."

"तुमचे हात मोजणार नाही. पण कार्डावर खुणा असतील, त्या तुम्ही गेल्यावर मी मोजीन. लपवून ठेवत नाही, आत्ताच सांगते. चालेल?"

हिराबाईंनी हात पदराबाहेर काढले. "कागद मोजलाव तं मोजा," त्या म्हणाल्या. "हात मोजाचा न्हाय."

बाईंनी माझ्या वहीतला कागद फाडला, त्यावर हिराबाईंचा हात ठेवायला सांगितला आणि लहान मुलांच्या पाटीवर काढतात तशी पेनाने हाताभोवती रेघ ओढली. मग पेन हिराबाईंच्या हातात दिले. जिथे जिथे चामखीळ होती, तिथे त्यांनी स्वतः एकेक ठिपका दिला. कुणी मोजले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात आल्या आणि तिसरी सुई झाली. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रोग्याच्या कार्डाला असा हात जोडलेला असतो. माझ्या मोजणीपेक्षा तो अचूक निघाला, कारण नुसता आकडा न कळता कुठली चामखीळ गेली आणि कुठली राहिली तेही कळते. मोठमोठ्या दवाखान्यांतले डॉक्टर येऊन ही पद्धत पाहून गेले आहेत. ती कुठून आली, हे बाई त्यांना न चुकता सांगतात, माझ्या मोठ्या आवाजासकट.

पण वाया गेलेले दिवस परत येत नाहीत. नारळी पौर्णिमेला हिराबाईंचे दोन्ही हात साफ झाले होते, एक चामखीळ सोडून. नेमकी जिला सुया दिल्या ती, उजव्या अंगठ्यावरची. ती सुकून राईएवढी झाली होती, पण होती. काशिनाथशेठना डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती: हात साफ आहेत.

मी म्हणालो, जाळून टाकू, पाच मिनिटांचे काम. बाई म्हणाल्या, "आणि ती उघडी जखम घेऊन त्या उद्या बर्फाच्या पाण्यात हात घालणार?" मग मी म्हणालो, चिठ्ठी देऊन टाकू, राईएवढीच तर आहे.

"आहे ना?" बाईंनी विचारले.

"आहे."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. तिची प्रत मी जपून ठेवली आहे. 'हिराबाईंचे हात मी आज पाहिले. उजव्या अंगठ्यावर एक चामखीळ शिल्लक आहे. ती उतरणीला लागली आहे. उपचार लांबला तो आमच्या दवाखान्याच्या चुकीमुळे. त्यात त्यांचा दोष नाही. हातमोजे घालून त्यांना काम करू द्यावे.' खाली सही. माझे नाव कुठेही नव्हते. मी ते घाला म्हणालो, तर बाईंनी 'पाटी माझी आहे' म्हणून विषय संपवला. अशी चिठ्ठी नेणे म्हणजे जागा घालवणे, हे मला दिसत होते. बाईंनाही दिसत असावे, कारण ती द्यायला त्या स्वतः निघाल्या.

शेड धुऊन तयार होती. लांब टेबले अजून रिकामी होती. हिराबाई दाराशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. काशिनाथशेठनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"बाई, मना काय त्रास न्हाय," ते म्हणाले, आणि ते खरे असावे. "पन माल न्हावा शेव्याला जातो, कंटेनरमधी. कंपनीचा मानूस हात बघतो. एक जरी दिसली तं माल परत. मी काय सांगू त्याला?"

बाईंनी पर्स खाली ठेवली आणि उजवा हात टेबलावर ठेवला. माझ्यापुढे ठेवला होता तसाच.

"हीसुद्धा बघा. कित्येक वर्षं आहे. तुमच्या आईंच्या पायाची जखम मी ह्याच हातानं दोन महिने धुतली. तेव्हा हातात मोजा होता, म्हणून तुम्हाला दिसली नाही. त्यांना काही झालं?"

काशिनाथशेठनी नकारार्थी मान हलवली.

"मग हिराबाईंना तोच मोजा द्या. खरं म्हणजे सगळ्याजणींना द्या, म्हणजे पुढच्या वर्षी ह्यातल्या निम्म्या माझ्याकडे येणार नाहीत. कंपनीच्या माणसाला चिठ्ठी दाखवा. त्याला काही विचारायचं असेल, तर मी आहे."

काशिनाथशेठ बोटाकडे पाहतच राहिले. "तुमचीच जात न्हाय व्हय?"

"नाही जात."

"आनि त्याच औषधाचा तुमी ह्यांना सांगताव?"

"ह्यांच्या गेल्या ना. माझी गेली नाही. दोन्ही खरं आहे."

काशिनाथशेठनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली. मग त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "हिराबाय, भायेर काय उभी हायस? तुझी जागा पुसून घे."

त्या हंगामापासून त्या शेडवर सगळ्या बायका हातमोजे घालून बसतात. हिराबाईंची राईएवढी चामखीळ दसऱ्याच्या आत गेली. सहा महिन्यांनी बाईंनी खिडकीशी त्यांचा हात पाहिला आणि कार्डावर तो दुर्मीळ शब्द लिहिला. 'कशाने' या रकान्यात मी 'ड जीवनसत्त्व' लिहिणार होतो. बाईंनी लिहिले: 'सुया तीन. मीठ दोनदा. चामखीळ आपसूकही जाते. नक्की सांगता येत नाही.' मी वाद घातला. इतकी वर्षे हे औषध वापरायचे, शेकडो हात पाहायचे आणि श्रेय घ्यायची वेळ आली की मागे सरायचे, याला काय अर्थ आहे? बाई म्हणाल्या, "औषध कामाचं आहे, म्हणून तर वापरते. पण ह्या एका हातावर कशानं काम केलं, हे मला कळलेलं नाही. कळल्यासारखं लिहिलं, तर पुढचा डॉक्टर तुमच्यासारखा मोठ्यानं मोजायला लागेल."

गेल्या वर्षी एक गोष्ट घडली, ती नोंदवून हा लेख संपवतो. बाईंच्या बोटावरची चामखीळ गेली. सुई बंद होऊन कितीतरी वर्षे झाली होती. सुंठीवाचून खोकला गेला, असे मी म्हणालो. बाईंनी आपला हात कागदावर ठेवून माझ्याकडून रेघ ओढून घेतली, ठिपका दिला नाही, आणि 'कशाने'च्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिले. आता नव्या रोग्यांना त्या सांगतात, "माझी गेली, पण ह्या औषधानं नाही." जाहिरात पूर्वीपेक्षाही वाईट झाली आहे.

मला मात्र एक शंका होती. मी हिराबाईंना विचारले, बाईंसाठी बांधावर कुणी मीठ वाहिले होते काय? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पुन्हा कुणाचे तरी मनगट धरले आहे.

"ता बोलाचा नसतं," त्या म्हणाल्या.

बाईंच्या पंच्याहत्तरीला शेडवरच्या बायका पंच्याहत्तर दिव्यांनी त्यांना ओवाळणार आहेत. बाईंना हे पसंत नाही. तेल वाया जाईल, असे त्या म्हणाल्या आहेत. परवा हिराबाई पणत्यांची टोपली घेऊन दवाखान्यात आल्या. मी त्या मोजायला घेतल्या, अर्थातच मनात. ओठ हलत होते तेवढेच.

"आता का गप?" हिराबाई म्हणाल्या. "आता मोज ना. मोठ्यानी मोज. मोजलेला वाढतं, सांगला व्हता ना तुला?"

मी पहिली पणती उचलली, आतल्या खोलीत बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात 'लाभ' म्हणालो, आणि पुढे मोजत गेलो. पंच्याहत्तराला पोचलो तेव्हा टोपलीत आणखी पणत्या शिल्लक होत्या. त्या जास्तीच्या का आणल्या, हे मी विचारले नाही. बाईंचे आरोग्य असेच राहो, त्यांची मूठ अशीच ऊबदार राहो, आणि आम्हाला त्याही पणत्या, दर वर्षी एकेक करून, मोठ्याने मोजायला मिळोत.